वांग्याच्या सालीसारखा काळा

चांदीची कुठलीही वस्तू हातात आली की शालनमावशी आधी ती गालाला लावत. तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तशा डोळे मिटून क्षणभर थांबत आणि निकाल सांगत. "खरी हाय," किंवा "हिच्या पोटात पितळ हाय." चांदी अंगाची ऊब झटकन ओढून घेते, पितळ आळसावल्यासारखं घेतं, एवढंच त्यामागचं शास्त्र. ते शास्त्र मावशींना ठाऊक नव्हतं आणि शास्त्राला मावशी ठाऊक नव्हत्या, त्यामुळे दोघांचं बरं चाललं होतं.

हे घडायचं दोह्यात, द पर्लमधल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात. दुकान म्हटलेलं आमच्या मॅनेजरना आवडत नसे, ते 'गॅलरी' म्हणत. समुद्रात भराव घालून केलेल्या, वयाने जेमतेम माझ्या लेकीएवढ्या असलेल्या बेटावर बसून आम्ही शे-दीडशे वर्षांपूर्वीची युरोप-अमेरिकेतली चांदीची भांडी विकायचो. मी तिथे 'कलेक्शन एक्झिक्युटिव्ह' होते. म्हणजे वस्तूंपुढे ठेवायची छोटी कार्डं लिहायची, आणि गिऱ्हाईक आलं की कार्डावरचंच तोंडी म्हणून दाखवायचं. मावशी 'क्लीनर' होत्या. म्हणजे उरलेलं सगळं काम.

मॅनेजर मिस्टर डॉमिनिक हे लंडनहून आलेले तज्ज्ञ. कशातले तज्ज्ञ, हे त्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर तीन ओळींत लिहिलेलं असे आणि तीन ओळी वाचूनही कळत नसे. मावशी रुजू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सीसीटीव्हीचा पडदा दाखवला. पडद्यावर मावशी एक फ्रेंच कॉफीपॉट गालाशी धरून उभ्या होत्या.

"ती त्याचा मुका घेतेय का?" त्यांनी विचारलं.

"नाही सर, तपासतेय."

"पण तो मी तपासला आहे."

"हो सर."

बाहेर येऊन मी मावशींना विचारलं, काय निघालं? "मुलामा," त्या फडक्याची घडी घालत म्हणाल्या. "आत पितळ हाय. वरनं चांदी पाजल्या." पुढे दोन महिन्यांनी एका गिऱ्हाइकाने तो पॉट कुठल्याशा प्रयोगशाळेत नेला आणि तिथेही पितळच निघालं. डॉमिनिक साहेबांनी त्यावर 'बाजारात अलीकडे फार फसवणूक वाढली आहे' असं एक छोटंसं भाषण केलं.

मावशी हुपरीच्या. कोल्हापूरजवळच्या या गावात घरोघरी चांदीचे पैंजण घडतात. तिथली पोरं पाटीवर अक्षर काढायच्या आधी साखळीची कडी जुळवायला शिकतात, असं मावशी सांगत. नवरा कारागीर होता, तो लवकर गेला. एका सराफ कुटुंबाबरोबर त्या स्वयंपाकाला म्हणून दोह्याला आल्या. ते कुटुंब कॅनडाला निघून गेलं, आणि परत जायचं की राहायचं अशा पेचात असताना मीच त्यांना आमच्या दुकानात चिकटवलं. ओळख भाजीच्या दुकानातली. अल अझीझियात माझ्या घराजवळ त्या कोथिंबिरीच्या जुडीवरून विक्रेत्याला हिंदीत झापत होत्या, आणि शिव्या तेवढ्या अस्सल मराठीत होत्या. मी पुण्याची. इतकं सकस मराठी मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

त्यांच्या भागातल्या पुष्कळ बायकांसारख्या त्या स्वतःबद्दल पुरुषासारखं बोलत. "मी येतो", "मी सांगतो". चारचौघांत मला 'मॅडम' म्हणत, एकट्यात 'मेधा', आणि रागात 'ए पुणं'. डॉमिनिक साहेबांचं नाव त्यांनी पहिल्याच आठवड्यात 'डमरू' करून टाकलं होतं. "दोन्ही अंगांनी वाजतंय आन् मधी बारीक," हे त्याचं स्पष्टीकरण. सोन्याबद्दल त्यांचं मत फार वाईट होतं. "सोन्याला नुसता भाव असतोय. चांदीला आवाज असतोय." पुण्याबद्दल त्याहून वाईट. "तुमच्यात बोलाय शिकवत्यात. कराय कोण शिकवतंय?"

आता एवढं कौतुक केल्यावर हेही सांगायला हवं, की त्यांच्याइतकी हेकट बाई मी पाहिलेली नाही. आमटी खारट झाली तर मीठ वाईट होतं. बस चुकली तर बस लवकर आली होती. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या खजुरांतले निम्मे त्या खात आणि उरलेले पसरून ताट भरलेलं दिसेल अशी मांडणी करत. 'माझं चुकलं' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. मी ऐकले, एकदाच. त्याचीच ही गोष्ट.

एका उन्हाळ्याच्या तोंडावर दुकानात पाण्याचा एक जग आला. अमेरिकी, सव्वाशेहून जास्त वर्षं जुना. त्याच्या चांदीच्या अंगावर हातोडीचे हजारो लहान लहान ठोके मुद्दाम तसेच ठेवलेले होते. त्यावर एक मासा, एक चतुर आणि भोपळ्याचं एक पान अशी वेगवेगळ्या धातूंची नक्षी उठावात बसवलेली. मावशींनी जग गालाला लावला, खरा ठरवला, आणि मग बोट फिरवून म्हणाल्या, "घासायचं राह्यलंय. घाईत इकलाय. आमच्यात आसलं काम दिलं तर व्यापारी तोंडावर फेकतोय."

"मावशी, ही जपानी तऱ्हा आहे. ठोके दिसायलाच हवेत."

"जपान्यांस्नी पॉलिश येत न्हाई?"

मग मी त्यांना माझ्या कार्डासाठी गोळा केलेली हकिकत सांगितली. जपानात कमरेला तलवार लावून फिरायला बंदी आली आणि तलवारींच्या मुठी सजवणारे कारागीर बेकार झाले. ते परदेशी गिऱ्हाइकांसाठी फुलदाण्या करू लागले. त्या जहाजाने अमेरिकेला पोचल्या, आणि तिथले चांदीवाले त्या पाहून खुळावले. चांदीवर तांबं, तांब्यावर सोनं, लाकडाच्या रेषांसारखे दिसणारे धातूंचे थर, असं जे जे जमलं ते त्यांनी उचललं. इंग्लंडात कायदा आडवा आला. सरकारी छापाच्या चांदीवर हलका धातू चिकटवायला तिथे मनाई होती. त्यामुळे ही गंमत मुख्यतः अमेरिकेत पिकली.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे तलवार गेली," त्या म्हणाल्या, "आन् कारागीर पाण्याच्या जगावर आला." माझ्या कार्डावर एवढं चांगलं वाक्य एकही नव्हतं.

जगासाठी गिऱ्हाईक ठरलेलं होतं. अबू नासेर नावाचे एक वयस्क कतारी गृहस्थ अशी चांदी जमवत. डॉमिनिक साहेबांनी सुट्टीवर निघण्याआधी हुकूम सोडला, "तो जग चमकला पाहिजे. आरशासारखा." साहेब उन्हाळ्यात दोह्यात राहत नसत. इथलं ऊन त्यांच्या अभिरुचीला सोसत नसे. मावशींनी आपलं रिठ्याचं पाणी काढलं, कापूस, मऊ कुंचला, कसलीशी पांढरी पूड काढली, आणि दुपारपर्यंत जग असा उजळला की त्यात माझा चष्मा दिसू लागला. आधीचा काळपट मासा तांबूस लाल झाला होता. साहेब विमानतळावर जाता जाता डोकावले. "वा! माशात जीव आला," म्हणाले.

तीन दिवसांनी मी जगाबरोबर आलेली कागदांची फाईल उघडली. आधी उघडायला हवी होती, पण मी एक्झिक्युटिव्ह होते. तिच्यात जगाचा एक जुना रंगीत फोटो होता. त्यातला मासा काळा होता. घाणीने काळा नव्हे. निळसर जांभळी झाक असलेला, पाण्यातून नुकताच वर आल्यासारखा काळा. खाली टीप होती: तांब्यात चिमूटभर सोनं मिसळून केलेला जपानी धातू, त्यावर खास पाण्यात उकळून आणलेला रंग. म्हणजे तो काळा रंग हेच त्या जगावरचं सगळ्यात मोठं काम होतं, आणि ते आम्ही रिठ्याने आणि पुडीने घासून काढलं होतं.

मी फोटो मावशींपुढे ठेवला.

"हे मळानं काळं झालेलं," त्या लगेच म्हणाल्या.

"नाही मावशी. केलेलं काळं आहे."

"आगं, काळं म्हंजे मळच. चाळीस वरसं मी काय करतोय?"

मी टीप मराठीत वाचून दाखवली. मावशींनी फोटो हातात घेतला, जगाशेजारी धरला, पुन्हा दूर नेला. मग स्टुलावर बसल्या आणि माशावरून अंगठा फिरवत म्हणाल्या, "त्येची कातडी सोलली गं मी."

मी म्हटलं, साहेबांनीच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "डमरूला काय कळतंय? हात माझा हुता. माझं चुकलं."

मी घाबरून इकडेतिकडे पाहिलं. मला वाटलं त्यांची तब्येत बिघडली.

खरं तर तिथेच सगळं मिटलं असतं. साहेब खूश होते, अबू नासेर लंडनला होते, फोटो फाईलमध्ये परत जाऊ शकत होता. कुणाला पत्ता लागला नसता, आणि आमच्या व्यवसायात कुणाला पत्ता न लागणं म्हणजेच जतन. पण मावशींनी मला त्या रात्री तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा एकच प्रश्न. "त्ये पाणी कसलं? शोध की. शिकलीस कशाला येवढी?"

मी शोधलं. अर्धवट लेख, कुणा जपानी कारागिराच्या चित्रफिती, एका धातुशास्त्रज्ञाचं कंटाळवाणं टिपण. सार असं निघालं: तांब्याचे क्षार पाण्यात घालायचे, मंद उकळवायचे, आणि वस्तू त्यात सोडण्याआधी तिला किसलेला मुळा चोळायचा.

"मुळा?" मावशी म्हणाल्या. "भाजीचा मुळा?"

"भाजीचाच."

"आन् क्षार म्हंजे?"

"मोरचूद. आणि तांब्यावर हिरवा चढतो ना, तो जंगाल."

"मोरचूद तर द्राक्षावर मारत्यात आमच्याकडं!" मावशींचा चेहरा उजळला. एवढ्या लांबची विद्या शेवटी तासगावच्या बागेतली निघाली याचा त्यांना फार अभिमान वाटला.

मग त्या उन्हाळ्यातले सगळे शुक्रवार माझ्या स्वयंपाकघरात गेले. नमुन्यासाठी तांबं मिळालं, पण त्यात घालायला सोनं हवं होतं. मी काही सुचवायच्या आत मावशींनी डाव्या कानातलं फूल काढून ओट्यावर ठेवलं. "त्याला भाव हाय, आवाज न्हाई," म्हणाल्या. ते त्यांनी तांब्याबरोबर वितळवलं, ठोकून पत्रा केला, कापून बोटभर लांबीचे तुकडे केले. पुढचे कित्येक आठवडे त्या एकाच कानात फूल घालून दोहाभर फिरल्या आणि कुणी विचारलं तर "ही जपानी तऱ्हा हाय," असं सांगत.

पहिला तुकडा मातकट झाला. दुसऱ्यावर हिरवे डाग पडले. तिसरा सुंदर काळा झाला, फक्त मधोमध माझ्या अंगठ्याचा ठसा तसाच लाल राहिला, कारण मी तो 'जरा बघू' म्हणून उचलला होता. त्यावर जे मराठी मी ऐकलं ते छापण्याजोगं नाही. माझ्या नवऱ्याने, मिलिंदने, सलग पाच आठवडे उरलेल्या मुळ्याची भाजी, मुळ्याची कोशिंबीर आणि मुळ्याचे पराठे निमूटपणे खाल्ले. लेक आत डोकावून "मॉम, इट स्टिंक्स," एवढंच म्हणून दार लावून घ्यायची. मावशींनी विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, वास छान येतोय म्हणाली.

सहाव्या शुक्रवारी तुकडा पाण्यातून वर आला. मावशींनी तो खिडकीत नेला. उजेड पडला तसा काळ्यातून जांभळा रंग हळूच वर आला आणि परत आत गेला. "वांग्याची साल," त्या म्हणाल्या. "कवळ्या वांग्याची." बॅगेत जपून ठेवलेला नवऱ्याच्या हातचा एक पैंजण सोडला तर मी त्यांना कुठल्या वस्तूकडे असं बघताना पाहिलं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी सकाळी दुकान बंद असताना आम्ही माझं बिर्याणीचं मोठं पातेलं मागच्या खोलीत नेलं. परवानगी कुणाची घ्यायची? साहेब कुठल्याशा तलावाकाठी अभिरुची सांभाळत होते. मावशींनी जग स्वच्छ धुतला, माशाला मुळा चोळला, आणि दोन हातांनी जग निळ्या पाण्यात सोडला. चांदीला काही झालं नाही. मासा आधी तपकिरी झाला, मग विटकरी, मग रंग अडला. मावशी पातेल्यावर वाकून हलक्या आवाजात त्याला काहीतरी सांगत होत्या. हट्टी गाईला पान्हा सोडायला सांगावं तसं. पाऊण तासाने मासा काळा झाला. फोटोतल्यासारखा. मी आनंदाने त्यांना मिठी मारली, आणि त्यांनी "पातेलं लवंडंल!" म्हणून मला ढकललं.

साहेब सप्टेंबरात परतले. जगाकडे पाहून म्हणाले, "हा मासा वेगळा दिसतोय का?" मी म्हटलं, नवे दिवे लावलेत, सर. "हां, प्रकाशाचं फार महत्त्व असतं," तज्ज्ञ म्हणाले.

त्या आठवड्यात अबू नासेर आले. पांढराशुभ्र पोशाख, हातात काठी, डोळे फार तल्लख. लहानपणी वडिलांबरोबर मोत्यांच्या व्यापारासाठी मुंबईला राहिलेले, त्यामुळे हिंदी अगदी मुंबईचं. साहेबांनी त्यांना जगापुढे बसवून आपलं आख्यान लावलं. 'अस्पर्श', 'मूळ अवस्थेतला', 'काळाने स्वतः दिलेला रंग'. अबू नासेर ऐकत होते की नाही कळत नव्हतं. भिंग काढून त्यांनी माशाकडे पाहिलं, आणि साहेबांना नाही, मला विचारलं, इंग्रजीत, "हा काळा रंग मूळचा आहे?"

साहेब माझ्याकडे बघत होते. माझ्या मागे लेकीची शाळा, अल अझीझियाचं भाडं आणि माझं ते लांबलचक पदनाम उभं होतं.

"येस सर. ॲब्सोल्यूटली ओरिजिनल," मी म्हटलं.

मावशी गहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी मला मराठीत विचारलं, "काय इचारलं त्येंनी?"

"काही नाही. रंग मूळचा आहे का, एवढंच."

"मग? तू काय सांगितलंस?"

मी जगापुढचं कार्ड सरळ केलं. मावशींनी ट्रे टेबलावर ठेवला, पदराला हात पुसले आणि थेट अबू नासेरांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"साब, ये काला मैं किया. जुना काला था, वो मैंच घासके निकाला. गलती से. फिर मैं नया किया."

डॉमिनिक साहेबांना हिंदी येत नव्हतं, पण सूर कळत असावा, कारण ते हळूहळू घासलेल्या माशासारखे लाल होऊ लागले.

"तुमने निकाला, तुमने लगाया?" अबू नासेरांनी विचारलं.

"हां."

"कैसे?"

मावशींनी सगळं सांगितलं. मोरचूद, जंगाल, मुळा, कानातलं फूल. मुळ्याचं हिंदी त्यांना आठवेना, तेव्हा त्यांनी हाताने लांबी दाखवली आणि हवेत पानं काढली. अबू नासेर हसले. मग त्यांनी भिंग पुन्हा लावलं आणि बराच वेळ माशाकडे पाहिलं, या वेळी वेगळ्या तऱ्हेने.

"काम बहुत अच्छा है," ते म्हणाले. "लेकिन मैं बूढ़ा काला लेने आया था. ये काला तो अभी बच्चा है." ते काठीवर भार देऊन उठले. मावशींकडे वळून, छातीवर हात ठेवून म्हणाले, "शुक्रन." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. तेवढी सभ्यता त्यांच्यात होती.

पुढचं सगळं पाच मिनिटांत झालं. साहेबांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये उभं केलं आणि मला दुभाषी नेमलं. मावशी अबू नासेरांना काय म्हणाल्या ते आधी मी इंग्रजीत सांगितलं. त्यांचे प्रश्न मी मराठीत करायचे आणि मावशींची उत्तरं इंग्रजीत. हे कुणी सांगितलं? कुणी शिकवलं? पातेलं कुणाचं? हिच्याबरोबर आणखी कोण होतं?

हा शेवटचा प्रश्न मी मराठीत विचारला. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मग माझी वाट न बघता सरळ साहेबांकडे वळून, जेवढं इंग्रजी येत होतं तेवढ्यात म्हणाल्या, "ओन्ली मी. मॅडम नो. मॅडम नॉट नो."

मी मान खाली घातली. साहेबांच्या केबिनमधल्या गालिच्यावर निळ्या वेलींची फार सुरेख नक्षी आहे. तिच्यात प्रत्येक फुलाला सहा पाकळ्या आहेत.

दहा दिवसांनी मावशींचा व्हिसा रद्द होऊन कागद हातात आले. विमानतळावर मी त्यांना सोडायला गेले. सामान एक बॅग आणि माझ्या लेकीने दिलेला चॉकलेटचा डबा. गाडीत त्या रस्त्यातल्या प्रत्येक इमारतीला नावं ठेवत होत्या. पार्किंगमध्ये इंजिन बंद केल्यावर मी एकदाचं विचारलं.

"मावशी, माशाबद्दल तुम्हाला खोटं सोसवलं नाही. मग माझ्यासाठी का बोललात?"

"आगं, चोख चांदीचं भांडं हुतंय व्हय? दाबलं की वाकतंय. थोडं तांबं घालाय लागतंय." आणि मग, मी भारावून रडायला लागणार एवढ्यात, "आन् तुझी पोरगी शाळंत हाय. मला काय, घरी जाऊन पैंजण करतो. तुला काय येतंय? कार्डं लिवाय!"

त्या गेल्या. मी दुकानात राहिले. साहेबांनी माझ्याशी आठवडाभर थोडं कमी बोलून मला मोठी शिक्षा केली. जगाचा विषय पुन्हा निघाला नाही, एक दिवस तो कपाटातून नाहीसा झाला, आणि कुठे गेला हे मी विचारलं नाही. मावशींशी महिन्यातून एकदा फोन व्हायचा. हुपरीत त्यांनी गल्लीतल्या चार बायकांना काळं करायचं काम शिकवायला घेतलं होतं. काळ्या माशांची कानातली करत होत्या. "इकत न्हाईत," त्या आनंदाने सांगत. "लोक म्हणत्यात, हे घासून द्या."

वर्ष संपताना माझं वार्षिक मूल्यमापन झालं. साहेबांनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला. 'सचोटी' या शब्दासमोर 'उत्कृष्ट' अशी खूण होती.

मी पेन खाली ठेवलं आणि सांगितलं. पातेलं माझं होतं, कृती मी शोधली, गिऱ्हाइकाशी मी खोटं बोलले, शालनबाई माझ्यासाठी खोटं बोलल्या. आता काय होईल, याची मी सगळी तयारी केली होती. मिलिंदशी बोलले होते, शाळेची चौकशी केली होती.

डॉमिनिक साहेबांनी भुवया आक्रसून आठवायचा प्रयत्न केला. "कुठला मासा?" ते म्हणाले. मग, "अच्छा, तो! तो वेस्ट बेमधल्या एका हॉटेलला दिला की. लॉबीत ठेवलाय त्यांनी. मेधा, सही कर, मला लंचला जायचंय."

त्या संध्याकाळी मी वेस्ट बेला गेले. संगमरवरी लॉबी, मधोमध फुलांचा डोंगर, आणि शेजारच्या टेबलावर तो जग. उघडाच. मासा लालभडक चमकत होता. एक गणवेशातला माणूस मन लावून रोज तो पुसत असणार, हे बघताक्षणी कळत होतं. फार निष्ठेने काम केलं होतं त्याने.

मी तिथेच सोफ्यावर बसून हुपरीला फोन लावला. मावशींना सगळं सांगितलं. साहेबांना सांगितलेलं खरं, आणि समोर दिसणारा लाल मासा. मला वाटलं त्या हळहळतील, किंवा निदान माझी पाठ थोपटतील.

"त्या हॉटेलवाल्यास्नी सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही. मी आत्ताच आले आणि..."

"मग मला कशाला फोन केलास? आदी त्यास्नी सांग, की रोज सोलालेत त्येला. मग मला फोन कर." आणि फोन बंद.

मी उठले. काउंटरवरच्या तरुणाने मला खोली हवी आहे असं समजून हसून पाहिलं. मी त्याला सांगितलं, त्या जगावरचा मासा मुळात काळा आहे, त्याला घासू नका, आणि तो पुन्हा काळा करता येतो. त्याने अतिशय नम्रपणे एक कागद पुढे ओढला आणि विचारलं, "हे काम तुम्ही केलं होतं का, मॅडम?"

"नाही," मी म्हटलं. "हुपरीच्या शालन माने यांनी. लिहून घ्या. मी फक्त पातेलं दिलं होतं, आणि नंतर अंग काढून घेतलं होतं."